पॅरिस ते रोम: अंतर किती, विमानाला वेळ किती आणि तुमचा दिवस किती जाणार?

युरोपची सहल आखणाऱ्या बहुतेक मराठी घरांच्या यादीत पॅरिस आणि रोम ही दोन्ही शहरं असतातच. मुंबईहून पॅरिसला उतरायचं आणि परतीचं विमान रोमहून धरायचं, हा बेत सर्रास केला जातो आणि तो चांगलाही आहे, कारण आलेल्या वाटेनं मागे जावं लागत नाही. पण मधला टप्पा शोधायला बसलं की आकड्यांचा गोंधळ सुरू होतो. एक संकेतस्थळ १,१०५ किलोमीटर सांगतं, दुसरं १,४२०. तिसऱ्यावर ६८७ लिहिलेलं असतं आणि ५९७ हाही आकडा कुठेतरी भेटतो. वेळेचं तसंच. कुणी दीड तास म्हणतं, तिकिटावर दोन तास पाच मिनिटं छापलेली असतात आणि जाऊन आलेला शेजारी सांगतो, "अहो, अख्खा दिवस गेला."

यातला एकही आकडा चुकीचा नाही. प्रत्येकानं वेगळी गोष्ट मोजली आहे, एवढंच. आपल्या कामाचा आकडा कुठला आणि तो कागद-पेन्सिलीनं कसा काढायचा, ते या लेखात टप्प्याटप्प्यानं पाहू. उदाहरण पॅरिस-रोमचं घेतलंय. रीत युरोपातल्या कुठल्याही दोन शहरांना लागू पडते.

पायरी १: कुठलं अंतर हवंय ते आधी ठरवा

शहर हा काही बिंदू नसतो, त्यामुळे शहरातली नेमकी कुठली जागा धरायची हा पहिला प्रश्न. फ्रान्समध्ये पॅरिसपासूनची रस्त्यांची अंतरं नोत्र दाम कॅथेड्रलसमोरच्या चौकात फरशीत बसवलेल्या शून्य बिंदूपासून मोजतात. रोमची ही हौस फारच जुनी: सम्राट ऑगस्टसनं इ.स.पू. २० मध्ये फोरम या शहराच्या मुख्य चौकात सोनेरी मैलस्तंभ उभारला होता. आपल्या नागपूरच्या झिरो माइलचे हे थोरले भाऊ म्हणायला हरकत नाही. अंतर सांगणारी संकेतस्थळं मात्र स्तंभबिंभ पाहत नाहीत. शहराच्या मध्यभागाचे अक्षांश-रेखांश घेतात आणि मोकळी होतात. त्यामुळे दोन ठिकाणच्या उत्तरांत दोन-चार किलोमीटरचा फरक दिसला तर त्यावर वेळ घालवू नका.

आता वरचे चार आकडे. १,१०५ किलोमीटर हे सरळ हवाई अंतर, म्हणजे पृथ्वीच्या गोलाईवरून दोन शहरांमधली सर्वांत जवळची वाट. ६८७ म्हणजे तेच अंतर मैलांत. ५९७ म्हणजे तेच अंतर सागरी मैलांत. वैमानिक याच मापात बोलतात आणि एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. आणि १,४२० किलोमीटर हे रस्त्यानं पडणारं अंतर, तेही साधारण, कारण आल्प्स कुठून ओलांडता यावर ते कमीजास्त होतं.

विमानाचा वेळ काढायला हवाई अंतर लागतं, गाडीचा काढायला रस्त्याचं. हे उघड वाटतं, तरी प्रवासाच्या गटांमध्ये "चौदाशे किलोमीटर आहे, म्हणजे विमानाला पावणेदोन तास" असले हिशेब रोज दिसतात. नकाशा हाताशी नसेल तर अंदाजासाठी एक ठोकताळा वापरता येतो: युरोपात हवाई अंतराला सव्वा ते दीडनं गुणलं की रस्त्याचं अंतर येतं. मध्ये समुद्र किंवा डोंगररांग असेल तर दीडकडे झुका, सपाट मुलूख असेल तर सव्वाकडे.

पायरी २: हवाई अंतर स्वतः काढा

मोजायचं नसेल तर गूगल मॅप्स आहेच. संगणकावर पॅरिसवर उजवं बटण दाबा, अंतर मोजण्याचा पर्याय निवडा, मग रोमवर क्लिक करा. मोबाइलवर जागेवर बोट दाबून धरलं की पिन पडते आणि तिच्या माहितीत तोच पर्याय सापडतो. पण एकदा हातानं करून बघाच. आठवी-नववीचं गणित पुरतं आणि नंतर कुठलाही आकडा समोर आला की तो खरा की खोटा हे पटकन जोखता येतं.

पॅरिस ४८.८६ अंश उत्तर आणि २.३५ अंश पूर्व. रोम ४१.९० अंश उत्तर आणि १२.५० अंश पूर्व. अक्षांशांतला फरक ६.९६, रेखांशांतला १०.१५.

अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. हा आकडा पाठ करायची गरज नाही, तो पॅरिसमधूनच आलेला आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात मीटर ठरवला गेला तो उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या, पॅरिसवरून जाणाऱ्या रेषेचा एक कोटीवा भाग म्हणून. त्यासाठी देलांब्र आणि मेशँ या दोन खगोलशास्त्रज्ञांनी १७९२ ते १७९९ या धामधुमीच्या वर्षांत डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंतची रेषा मोजली. म्हणजे ध्रुव ते विषुववृत्त १०,००० किलोमीटर, पृथ्वीचा पूर्ण फेरा ४०,०००, आणि त्याला ३६० नं भागलं की १११.

रेखांशाचा अंश मात्र उत्तरेकडे जाल तसा आखडत जातो. विषुववृत्तावर तो १११ किलोमीटरचा असतो, ध्रुवावर शून्य. मधल्या ठिकाणी किती, ते काढायला १११ ला अक्षांशाच्या कोसाइननं गुणायचं. पॅरिस आणि रोमच्या अक्षांशांची सरासरी ४५.३८, तिचा कोसाइन ०.७०, म्हणजे इथे रेखांशाचा अंश साधारण ७८ किलोमीटरचा.

आता गुणाकार:

दक्षिणेकडे: ६.९६ × १११ = ७७३ किमी
पूर्वेकडे: १०.१५ × ७८ = ७९२ किमी

काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू मिळाल्या, कर्ण हवा. ७७३ चा वर्ग ५,९७,५२९, ७९२ चा वर्ग ६,२७,२६४. बेरीज १२,२४,७९३. वर्गमूळ जवळजवळ १,१०७. पृथ्वीची गोलाई धरणारं नेमकं सूत्र १,१०५ सांगतं. पोस्टकार्डाच्या पाठीवर केलेल्या हिशेबात दोन किलोमीटरची तफावत म्हणजे काहीच नाही.

ही युक्ती कुठवर चालते तेही सांगायला हवं. दीड-दोन हजार किलोमीटरपर्यंत, म्हणजे युरोपातल्या बहुतेक जोड्यांसाठी, ती उत्तम आहे. मुंबई-पॅरिसला लावलीत तर उत्तर सुमारे ७,२८५ किलोमीटर येईल आणि खरं अंतर आहे सुमारे ७,०१०. पावणेतीनशे किलोमीटर हवेत! इतक्या लांबच्या प्रवासात पृथ्वी सपाट मानून भागत नाही. तिथे अंतर मोजणाऱ्या संकेतस्थळाकडेच जा.

पायरी ३: शहराऐवजी विमानतळ धरा

विमान शहरातून उडत नाही. पॅरिसच्या नावावर तीन विमानतळ आहेत, रोमच्या नावावर दोन, आणि इथेच सहलीचे तास वाचतात किंवा वाया जातात. त्यामुळे इथे घाई करू नका.

शार्ल द गोल शहराच्या ईशान्येला सुमारे २५ किलोमीटरवर. गार द्यु नोर स्टेशनवरून आरईआर बी ही उपनगरी गाडी अर्ध्या तासाच्या आसपास पोचवते. विमानतळ अवाढव्य आहे, टर्मिनल चुकलं तर वीस मिनिटं सहज जातात, म्हणून तिकिटावरचं टर्मिनल आणि त्याचं अक्षर दोन्ही बघून ठेवा.

ओर्ली दक्षिणेला, १३-१४ किलोमीटरवर. जून २०२४ मध्ये मेट्रोची १४ नंबरची लाइन थेट ओर्लीपर्यंत नेली, तेव्हापासून मध्य पॅरिसमधल्या शातले स्टेशनवरून तिथे पोचायला पंचवीस मिनिटांच्या आसपास लागतात. आधी ओर्लीला जायचं म्हणजे गाड्या बदलण्याचा खटाटोप होता. जुने ब्लॉग वाचून ओर्ली टाळत असाल तर तो सल्ला आता शिळा झालाय. तुमचं हॉटेल मध्य किंवा दक्षिण पॅरिसमध्ये असेल तर मी ओर्लीचं विमान आधी बघेन.

बोव्हे हे तिसरं. नावात पॅरिस आहे, जागा मात्र शहरापासून सुमारे ८५ किलोमीटरवर. पुण्याहून निघून लोणावळा मागे टाकून पुढे जाल एवढं. पॅरिसहून तिथे जाणारी बस सव्वा तास किंवा जास्त घेते आणि तिचं भाडं वेगळं. स्वस्त तिकीट दिसलं की आधी हे नाव शोधा.

रोमकडे फ्युमिचिनो हा मोठा विमानतळ समुद्रकिनाऱ्यालगत, शहरापासून सुमारे ३० किलोमीटर. तिथून लिओनार्दो एक्सप्रेस कुठेही न थांबता ३२ मिनिटांत तेर्मिनी स्टेशनला आणून सोडते. हॉटेल त्रास्तेवेरे किंवा ओस्तिएन्से भागात असेल तर तेर्मिनीला जाऊन मागे येण्यात अर्थ नाही; एफएल १ ही साधी लोकल थेट त्या स्टेशनांवर थांबते आणि स्वस्तही पडते. चाम्पिनो छोटा विमानतळ, आग्नेयेला सुमारे १५ किलोमीटरवर. अंतर निम्मं असलं तरी टर्मिनलला लागून रेल्वे स्टेशन नाही. बसनंच निघावं लागतं आणि रोमची वाहतूक बसला लवकर पोचू देईलच असं नाही.

सामान जास्त असेल किंवा बरोबर वयस्कर मंडळी असतील तर टॅक्सीचा विचार करा. शार्ल द गोल, ओर्ली, फ्युमिचिनो आणि चाम्पिनो या चारही ठिकाणांहून शहरात जाण्यासाठी टॅक्सीचे दर सरकारनं ठरवून दिलेले आहेत. बसण्यापूर्वी तो दर विचारून घ्या.

विमानतळ ते विमानतळ अंतरं अशी: शार्ल द गोल ते फ्युमिचिनो सुमारे १,१००, ओर्ली ते फ्युमिचिनो सुमारे १,०९०, बोव्हे ते चाम्पिनो सुमारे १,१७५ किलोमीटर. हवेत फरक पाच-सहा मिनिटांचा. जमिनीवर दीड तासाचा.

पायरी ४: उड्डाणाचा वेळ काढा

या टप्प्यावर बहुतेक ए३२० किंवा ७३७ जातीची विमानं असतात. वर गेल्यावर त्यांचा वेग ध्वनीच्या वेगाच्या ७८ टक्क्यांच्या आसपास असतो. ३५-३६ हजार फुटांवर उणे ५५ अंशांच्या थंड हवेत ध्वनीचा वेग ताशी १,०६० किलोमीटरच्या जवळ येतो, म्हणजे विमानाचा ताशी सुमारे ८३०. यानं १,१०५ ला भागलं तर उत्तर एक तास वीस मिनिटं.

मग तिकिटावर दोन तास पाच मिनिटं का?

पहिली भर चढ-उताराची. विमान सुटल्या सुटल्या ८३० चा वेग धरत नाही. दहा हजार फुटांखाली वेग साधारणपणे २५० नॉटपर्यंत, म्हणजे ताशी ४६० किलोमीटरच्या आसपास ठेवतात. शिवाय उड्डाण नेहमी रोमच्या दिशेनंच होतं असंही नाही. वारा पश्चिमेचा असेल तर विमान पश्चिमेकडे तोंड करून उडतं आणि मग वळसा घेतं. उतरतानाही रांगेत लागावं लागतं. या सगळ्यासाठी वीस मिनिटं धरा.

दुसरी भर जमिनीवरची. तिकिटावरचा वेळ चाकं जमीन सोडतात तेव्हा सुरू होत नाही. विमान गेटपासून मागे ढकललं जातं तेव्हा सुरू होतो आणि पलीकडच्या गेटवर थांबेपर्यंत चालतो. विमान कंपन्या याला ब्लॉक टाइम म्हणतात. शार्ल द गोलला चार धावपट्ट्या आहेत. तुमच्या टर्मिनलपासून लांबची वाट्याला आली तर विमान बराच वेळ नुसतं रांगत राहतं. दोन्हीकडचे मिळून पंचवीस मिनिटं.

१.२० + ०.२० + ०.२५ = दोन तास पाच मिनिटं. छापील वेळ जुळली.

म्हणून कुठल्याही दोन शहरांसाठी हा ठोकताळा वापरा: हवाई अंतर भागिले ८३०, अधिक पाऊण तास. विमानतळ छोटे असतील तर दहा मिनिटं कमी धरा. कंपन्या वेळापत्रकात स्वतःसाठी थोडी सूट ठेवतात, त्यामुळे "विमान पंधरा मिनिटं लवकर पोचलं" ही घोषणा ऐकून फार भारावून जाऊ नका.

वाऱ्याचाही हिशेब आहे. युरोपवर उंचावरचे जोरदार वारे साधारणपणे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, हिवाळ्यात जास्तच. पॅरिसहून रोम आग्नेयेला, त्यामुळे जाताना पाठीवर वारा मिळण्याची शक्यता जास्त आणि रोमहून पॅरिसला येताना तोंडावर. परतीच्या छापील वेळेत पाच ते पंधरा मिनिटं जास्त दिसतात त्याचं हे एक कारण.

छापील वेळेवर विश्वास नसेल तर तिकिटावरचा फ्लाइट नंबर फ्लाइटरडार२४ या विमानांचा माग ठेवणाऱ्या संकेतस्थळावर टाका. मागच्या काही दिवसांत ते विमान खरोखर कधी सुटलं आणि कधी टेकलं ते समोर येतं. एखादं विमान रोज चाळीस मिनिटं उशिरा सुटत असेल तर ते तिकीट काढण्यापूर्वीच कळलेलं बरं. सकाळच्या पहिल्या विमानांना उशीर कमी होतो, कारण विमान बहुधा रात्रीच येऊन उभं असतं. दिवसभराचे उशीर साठत साठत संध्याकाळच्या विमानांवर येतात.

जाता जाता खिडकीबद्दल. नकाशावर पॅरिस-रोम सरळ रेषा काढलीत तर ती माँ ब्लाँ शिखराच्या जेमतेम वीस किलोमीटर ईशान्येकडून जाते आणि तिचा मध्यबिंदू इटलीतल्या आओस्ता खोऱ्याच्या परिसरात पडतो. विमानं अशी सरळ रेषेत जात नाहीत, त्या दिवशी नियंत्रकांनी जो मार्ग दिला त्यानं जातात. तरीही आल्प्स ओलांडावाच लागतो. सकाळचं विमान आणि पंखापासून दूरची खिडकी मिळाली तर उड्डाणानंतरच्या पाऊण तासात फोन बाजूला ठेवा. सरळ रेषेच्या हिशेबानं माँ ब्लाँ उजवीकडे राहतो आणि मॅटरहॉर्न डावीकडे.

पायरी ५: घड्याळाची वजाबाकी

पॅरिस आणि रोम एकाच वेळेवर चालतात, त्यामुळे इथे काही करायचं नाही. दुसऱ्या जोड्यांमध्ये मात्र लोक हमखास फसतात. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावाची स्थानिक वेळ असते. लंडन रोमच्या एक तास मागे. लंडनहून सकाळी १० ला निघून रोमला दुपारी दीडला पोचणारं विमान साडेतीन तास उडत नाही, अडीच तासच उडतं. पुढे जाताना तास वजा, मागे येताना तास अधिक.

युरोपीय संघात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. हे सगळीकडे एकाच क्षणी घडतं, म्हणून युरोपातल्या युरोपात फरक तोच राहतो. बदलतो तो घरच्यांना फोन करायचा हिशेब: उन्हाळ्यात भारत पॅरिस-रोमच्या साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार.

पायरी ६: दारापासून दारापर्यंत

सहलीच्या कागदावर लिहायचा आकडा हा. पॅरिसच्या हॉटेलातून निघून रोमच्या हॉटेलात बॅग टेकवेपर्यंत, शार्ल द गोल ते फ्युमिचिनो धरून:

हॉटेल ते विमानतळ: १ तास
विमान सुटण्याआधीचा वेळ: २ तास
तिकिटावरचा वेळ: २ तास ५ मिनिटं
विमानातून उतरणं आणि पट्ट्यावरची बॅग: ४० मिनिटं
गाडीची वाट, लिओनार्दो एक्सप्रेस आणि हॉटेलपर्यंतची चाल: १ तास

एकूण पावणेसात तास. त्यातले आल्प्सवरून उडण्याचे म्हणावेत असे जेमतेम पावणेदोन. शेजाऱ्याचं म्हणणं खरं ठरलं.

फक्त केबिन बॅग असेल तर चेक-इनची रांग आणि पट्टा मिळून तासभर वाचू शकतो. बोव्हेहून जाल तर तास-दीड तास वाढेल. म्हणून सकाळी ९ चं विमान घेऊन "दुपारी कोलोसियम" असं लिहू नका. दुपारी चारला हॉटेलातून बाहेर पडायचं आणि संध्याकाळ नुसती भटकण्यात घालवायची, एवढाच बेत त्या दिवसाला झेपतो. वेळ ठरवून काढलेली महागडी तिकिटं दुसऱ्या दिवसावर ठेवा.

पायरी ७: रेल्वे आणि रस्ता एकदा तोलून बघा

पॅरिसहून रोमला थेट वेगवान गाडी नाही. पॅरिसच्या गार द लियों स्टेशनहून मिलानपर्यंत सुमारे सात तास, पुढे मिलान-रोम तीन तासांच्या आसपास, मध्ये गाडी बदलायला तासभर. अकरा तास झाले. स्टेशनं दोन्हीकडे शहरातच असल्यामुळे पुढे-मागे फारसं काही जोडावं लागत नाही, तरी विमानापेक्षा चार-साडेचार तास जास्तच.

एक बारकावा सांगतो. टीजीव्ही ही वेगवान फ्रेंच गाडी मिलानच्या पोर्ता गारिबाल्दी स्टेशनवर येते आणि रोमच्या बऱ्याच गाड्या चेंत्राले या तिथल्याच दुसऱ्या स्टेशनहून सुटतात. बॅगा घेऊन मेट्रोनं स्टेशन बदलणं हा उपद्व्याप आहे. त्यापेक्षा वाटेतल्या तोरिनोच्या (ट्युरिन) पोर्ता सूझा स्टेशनवर बदला. पॅरिसची गाडी आणि रोमची वेगवान गाडी दोन्ही तिथे थांबतात.

ऑगस्ट २०२३ मध्ये फ्रान्समधल्या मोरियेन खोऱ्यात दरड कोसळून ही लाइन बंद पडली होती आणि ती मार्च २०२५ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाली. मधल्या काळातल्या लेखांत "ही गाडी बंद आहे" असं वाचाल, त्यावर जाऊ नका. माझं मत विचाराल तर एका दिवसात पॅरिस-रोम रेल्वेनं करू नये. तोरिनो किंवा मिलानला एक रात्र काढणार असाल तर मात्र रेल्वेच घ्यावी. तेव्हा प्रवास हाच सहलीचा भाग होतो.

गाडी चालवत १,४२० किलोमीटर म्हणजे न थांबता चौदा तास, वर टोल आणि बोगद्याचे पैसे. ११.६ किलोमीटरचा माँ ब्लाँ बोगदा २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी दुरुस्तीसाठी सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत बंद होता, त्यामुळे शरद ऋतूत जाणार असाल तर आधी तपासा. शिवाय एका देशात भाड्यानं घेतलेली गाडी दुसऱ्या देशात सोडायचं भाडं सहसा डोळे पांढरे करणारं असतं.

पासपोर्ट आणि पुढची जोडणी

दोन्ही देश शेंगेन या एकाच व्हिसाच्या क्षेत्रात असल्यानं या विमानाला इमिग्रेशनची रांग नाही आणि शिक्काही नाही. तरी पासपोर्ट खिशातच हवा. विमानात बसताना ओळख म्हणून लागतो आणि अधूनमधून तपासणी होते. खरी रांग भारतातून पॅरिसला उतरताना आणि रोमहून भारताकडे निघताना. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपीय देशांनी शिक्क्यांच्या जागी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो नोंदवणारी नवी पद्धत आणायला सुरुवात केली, तेव्हा परतीच्या विमानासाठी तीन तास आधी पोचा.

पॅरिस-रोम आणि रोम-मुंबई ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर दोन्ही एकाच दिवशी ठेवू नका. पहिल्याला उशीर झाला तर दुसरी कंपनी थांबत नाही आणि पैसेही परत देत नाही.

उशीर झाला तर: इथे किलोमीटर युरोत बदलतात

युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार, कंपनीच्या चुकीनं विमान ऐन वेळी रद्द झालं किंवा तीन तास वा जास्त उशिरा पोचलं तर भरपाई मिळते आणि तिची रक्कम अंतरावर ठरते. १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो. संघाच्या आतल्या त्याहून लांबच्या उड्डाणाला ४००. तिकीट चाळीस युरोचं असलं तरी रक्कम तीच. पॅरिस-रोम कुठल्याही विमानतळांवरून धरा, १,५०० च्या आतच राहतं, म्हणजे २५०.

इथलं अंतर आपण दुसऱ्या पायरीत काढलं तेच, सरळ हवाई. यावरून एक खटला युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. काही प्रवासी रोमहून ब्रसेल्समार्गे हॅम्बुर्गला गेले आणि उशिरा पोचले. दोन्ही टप्पे मिळून १,६५६ किलोमीटर, पण रोम-हॅम्बुर्ग सरळ अंतर १,३२६. न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं की सरळ अंतरच धरायचं. म्हणून ४०० नाही, २५०.

पोचण्याची वेळ कुठली, यावरही २०१४ मध्ये निकाल आहे: चाकं टेकली ती नव्हे, विमानाचा निदान एक दरवाजा उघडला ती. उशीर दोन तास पंचावन्न मिनिटांच्या आसपास रेंगाळत असेल तर दरवाजा उघडताच फोनवर वेळेसकट फोटो काढून ठेवा. वादळ किंवा हवाई नियंत्रकांचा संप यांसारख्या कारणांसाठी भरपाई नाही, मात्र दोन तासांपेक्षा जास्त खोळंबा झाला तर या अंतराच्या विमानांना खाणं-पिणं द्यावंच लागतं, कारण काहीही असो. काउंटरवर जाऊन मागा. आपणहून कुणी आणून देईलच असं नाही.

हे नियम बदलण्याची चर्चा ब्रसेल्समध्ये सुरू आहे, तेव्हा अर्ज करताना त्या दिवशीचा नियम बघा. अर्ज विमान कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतःच करता येतो. भरपाई मिळवून देणाऱ्या मधल्या कंपन्या रकमेचा मोठा वाटा कापून घेतात. फ्लाइट नंबर, तारीख, बुकिंग क्रमांक आणि दरवाजा उघडल्याची वेळ एवढं लिहिलं की पुरतं. बोर्डिंग पास मात्र भारतात परतल्यावरही फेकू नका.